दिवस राहत नसतील तेव्हा: थायरॉईड आणि बीजांडांच्या साठ्याच्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही दिवस राहत नसतील, तर विदर्भातल्या खेड्यातील जोडप्याची वाट बहुधा ठरलेली असते. आधी घरच्यांचे उपाय होतात, मग गावातला दवाखाना, मग तालुक्याचे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि शेवटी अमरावती, अकोला किंवा नागपूर. या वाटेवर फाईल जाड होत जाते आणि तिच्यात दोन कागद हमखास असतात. एक थायरॉईडचा, म्हणजे टीएसएचचा; दुसरा एएमएचचा, म्हणजे अंडाशयात बीजांडांचा साठा किती उरला आहे त्याचा. हे दोन कागद नीट समजावून सांगायला गर्दीच्या ओपीडीत कोणाला वेळ मिळत नाही, आणि त्यामुळे पहिल्याकडे दुर्लक्ष होते व दुसऱ्याने घरात रडारड होते. माझ्या मते हे अगदी उलट व्हायला हवे. थायरॉईडचा बिघाड स्वस्तात सापडतो आणि गोळीने आटोक्यात येतो, म्हणून तो सर्वांत आधी निस्तरावा. बीजांडांचा साठा कोणत्याही औषधाने वाढत नाही. त्याचा आकडा किती घाई करायची हे सांगतो, मूल होणार की नाही हे सांगत नाही. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे.

पहिली पायरी: तपासणी केव्हा सुरू करावी आणि कोणाची

स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असेल आणि कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भधारणा झाली नसेल, तर तपासणी सुरू करावी. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने पुरेत, आणि चाळिशीनंतर थांबण्यात काहीच अर्थ नाही. येथे ‘नियमित’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. नवरा पुण्याला किंवा सुरतेला कामाला असेल आणि पोळा-दिवाळीलाच घरी येत असेल, तर लग्नाला तीन वर्षे झाली तरी प्रत्यक्ष प्रयत्नांचे महिने मोजकेच भरतात. ही गोष्ट डॉक्टरांना संकोच न करता सांगावी, नाहीतर नको त्या तपासण्या मागे लागतात.

काही परिस्थितींत मात्र वर्षभर थांबू नये. पाळी दोन-तीन महिने लांबत असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार झाले असतील, किंवा आईची वा बहिणीची पाळी चाळिशीच्या आत बंद झाली असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. आपल्याकडे गर्भनलिकांचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो अनेकदा ताप-खोकल्याशिवाय, मुकाट्याने नुकसान करत राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत व्हायला हवी. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते, कधी एकटे तर कधी स्त्रीच्या कारणासोबत. तरीही खेड्यात आधी सुनेच्या चार वर्षांच्या तपासण्या होतात आणि मुलाच्या तपासणीचा विषय निघाला की घर गप्प होते. मला हे फार अन्यायाचे वाटते, शिवाय व्यवहारातही ते चुकीचे आहे, कारण वीर्यतपासणी ही या सगळ्यांतली सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. नमुना देण्यापूर्वी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे असतात आणि नमुना तासाभरात तपासायला जायला हवा. गावाहून डबीत भरून एसटीने नेला तर तो वेळ निघून जातो, म्हणून नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. खर्रा, बिडी, दारू आणि कपाशीवरची फवारणी या चार गोष्टी पुरुषाने डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. फवारणी करताना हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे वापरणे हे एरवीही आवश्यकच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसरी पायरी: थायरॉईडची तपासणी

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली छोटी ग्रंथी आहे. तिच्याकडून काम करवून घेण्यासाठी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडते. थायरॉईड मंदावली की पिट्युटरी जास्त जोर लावते आणि टीएसएच वाढते. म्हणूनच रिपोर्टात आकडा ‘जास्त’ आला की थायरॉईडचे काम ‘कमी’ झाले आहे असे समजायचे. थायरॉईड मंद असताना मेंदूतून टीआरएच हे संप्रेरकही जास्त सुटते, ते प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारे संप्रेरक, वाढवते, आणि प्रोलॅक्टिन वाढले की अंडाशयाला मिळणारे संदेश अडखळतात व बीजांड वेळेवर बाहेर पडत नाही. पाळी लांबते किंवा अंगावरून फार जाते. गर्भ राहिलाच तर तो पडण्याची शक्यताही वाढते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. प्रोलॅक्टिन थोडे वाढलेले आणि टीएसएचही वाढलेले असेल, तर आधी थायरॉईडचा उपचार करून प्रोलॅक्टिन पुन्हा तपासावे लागते. अनेकदा ते आपोआप खाली येते आणि त्याच्यासाठी वेगळी गोळी लागतच नाही. दोन्हींची औषधे एकाच दिवशी सुरू झाली असतील, तर याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, केस गळणे, थंडी सहन न होणे ही मंद थायरॉईडची लक्षणे आहेत. परंतु दिवसभर कापूस वेचून आलेल्या आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थकवा असतोच, त्यामुळे केवळ लक्षणांवरून काही ठरवता येत नाही. रक्त तपासावेच लागते.

पहिल्या फेरीत टीएसएच पुरेसे आहे. ते बिघडलेले आले तर फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ या दोन तपासण्या जोडाव्यात. अँटी-टीपीओ म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात टीएसएचचा नमुना घेतात का, हे आधी आशाताईंकडून विचारून घ्यावे. बाहेर खासगीत ही तपासणी काही शे रुपयांत होते.

रक्त द्यायला जाताना उपाशी जाण्याची गरज नसते. पहाटेच्या एसटीने पोटात काही न घेता निघून, दुपारी बारापर्यंत रांगेत उभे राहून चक्कर आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. सोबत उपाशीपोटी करायची साखरेची तपासणी नसेल, तर भाकरी खाऊन जावे. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारकडे कमी असते, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी नमुना द्यावा. थायरॉईडची गोळी सुरू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटेच कमी दिसते आणि थायरॉईड जास्त काम करत असल्याचा भास होतो. मोठे आजारपण किंवा जोराचा ताप असतानाही ही तपासणी करू नये.

तिसरी पायरी: थायरॉईडचा रिपोर्ट वाचणे

बहुतेक प्रयोगशाळांत टीएसएचची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी छापलेली असते. टीएसएच वाढलेले आणि फ्री टी-४ कमी असेल, तर तो उघड हायपोथायरॉईड, म्हणजे मंद थायरॉईड, आहे. त्याला गोळी लागतेच, त्यात दुमत नाही. टीएसएच मर्यादेच्या वर पण फ्री टी-४ ठीक असेल, तर ती सौम्य अवस्था आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीला, विशेषतः आयव्हीएफ (प्रयोगशाळेत बीजांड फलित करून गर्भाशयात ठेवणे) करायचे असेल तर, या अवस्थेतही डॉक्टर सहसा कमी मात्रेची गोळी देतात आणि टीएसएच २.५ च्या खाली आणतात. आधीपासून थायरॉईडची गोळी घेणाऱ्या स्त्रीनेही मुलासाठी प्रयत्न सुरू करण्यापूर्वी टीएसएच २.५ च्या आत असल्याची खात्री करून घ्यावी.

टीएसएच ३ किंवा ३.५ आले, म्हणजे मर्यादेच्या आतच आहे, तर आपले मूल केवळ त्यामुळे अडले आहे असा समज करून घेऊ नये. अँटी-टीपीओ वाढलेले पण टीएसएच अगदी ठीक, अशाही स्त्रिया बऱ्याच असतात. त्यांना गोळीने फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या ९५२ स्त्रियांवर तपासले गेले आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे मंद थायरॉईडची नेहमीची गोळी, घेणाऱ्या गटात ३७.४ टक्के स्त्रियांना, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात ३७.९ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. फरक पडला नाही. अशा स्त्रीने गोळीसाठी हट्ट धरू नये; टीएसएच मात्र अधूनमधून तपासत राहावे, कारण पुढे थायरॉईड मंदावण्याची शक्यता तिच्यात जास्त असते, आणि गर्भारपणात तर अधिकच.

टीएसएच फारच कमी, म्हणजे ०.१ च्या खाली आले तर प्रकरण उलटे आहे. थायरॉईड जास्त काम करत असेल तर तिचे औषध सुरू असताना, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत. कार्बिमाझोल हे औषध गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत व्यंगाचा धोका वाढवते, आणि रेडिओ आयोडीनचा उपचार झाला असेल तर किमान सहा महिने थांबावे लागते.

चौथी पायरी: गोळी घेण्याची रीत

आकडा सुधारत नाही म्हणून मात्रा वाढत जाते आणि खरे कारण गोळी घेण्याच्या पद्धतीत सापडते, असे फार वेळा होते. म्हणून या पायरीवर थोडे थांबते.

लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो. शेतात जाणाऱ्या घरात हे अवघड आहे. पहाटे पाचला चूल पेटते, पहिला चहा तोंडी लागल्याशिवाय हात चालत नाहीत, आणि गोळी त्या चहासोबतच पोटात जाते. चहाने, दुधाने आणि न्याहारीने गोळीचे शोषण घटते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे गोळीची डबी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवून, डोळे उघडताच गोळी घ्यायची आणि मग सडा-सारवण, पाणी भरणे उरकून चहा ठेवायचा. ते जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून गोळी रात्री झोपताना घ्यावी, मात्र जेवण होऊन किमान तीन तास गेलेले असावेत. रात्रीची गोळीही तितकीच काम करते. सकाळ की रात्र, जे ठरेल ते रोज पाळावे.

रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवेच. उपकेंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळ्या आणि थायरॉईडची गोळी सकाळी एकाच घोटात घेतल्यामुळे टीएसएच खाली येत नाही, ही अगदी सामान्य अडचण आहे. थायरॉईडची सकाळी आणि लोहाची दुपारच्या जेवणानंतर, असे ठरवून टाकावे. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

डबी कोठे ठेवता हेही पाहा. या गोळीला उष्णता आणि ओल सोसत नाही. डब्यांवर बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवण्याची सूचना असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालची फळी, चुलीजवळचा कोनाडा आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलची डिक्की या जागा टाळाव्यात. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत बंद पेटीत डबी ठेवावी, आणि उन्हाळ्यात एकदम तीन-चार महिन्यांचा साठा करू नये. औषधाची कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे.

निर्जळ उपवासाच्या दिवशीही गोळीपुरते पाणी घ्यावे. एखाद्या दिवशी गोळी राहिलीच तर घाबरू नये, या औषधाचे निम्मे प्रमाण शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो. पण कापसाचा हंगाम आला म्हणून पंधरा-पंधरा दिवस गोळी बंद ठेवणे परवडणारे नाही. मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी करावी, त्याआधीचा आकडा फसवा असतो. आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

मिठाचेही सांगते. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर देशभरात २००६ पासून बंदी आहे, आणि घरापर्यंत पोहोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे असा नियम आहे. तरीही आठवडी बाजारात सुटे खडे मीठ मिळते आणि अलीकडे आरोग्याच्या नावाखाली रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरण्याची पद्धत वाढली आहे. सैंधव उपवासापुरते ठीक आहे. रोजच्यासाठी पाकिटातले आयोडीनयुक्त मीठ घ्यावे, ते झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि चुलीच्या वाफेपासून दूर असावे. कोबी किंवा सोयाबीन सोडण्याची गरज नाही. शिजवलेल्या कोबीने काही बिघडत नाही, आणि सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून दूर ठेवले की झाले.

पाचवी पायरी: बीजांडांचा साठा मोजणे

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सर्व बीजांडे तयार होतात. जन्माच्या वेळी ती साधारण दहा ते वीस लाख असतात, पाळी सुरू होण्याच्या वयापर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यांपैकी चार-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. ही घट पाळी आली काय, गर्भ राहिला काय, सुरूच असते. पस्तिशीनंतर ती जास्त जाणवते. कणगीत नवे धान्य पडत नाही आणि रोज थोडे निघत राहते, तशी ही गोष्ट आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत साठा लवकर संपतो आणि पाळीही लवकर जाते. अंडाशयाच्या गाठीच्या, विशेषतः एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी बाहेर वाढण्याच्या आजाराच्या), शस्त्रक्रियेनंतरही साठा घटतो, म्हणून मूल हवे असेल तर अशी शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी एएमएच तपासायला सांगावे.

साठ्याचा अंदाज तीन रीतींनी घेतात. एएमएच हे संप्रेरक बीजांडांभोवतीच्या लहान पुटकुळ्या तयार करतात. ते पाळीच्या कोणत्याही दिवशी तपासता येते आणि त्यासाठीही उपाशी राहावे लागत नाही. दुसरी रीत सोनोग्राफीची. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान योनीमार्गातून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतील २ ते १० मिलिमीटरच्या पुटकुळ्या मोजतात. या मोजणीला एएफसी म्हणतात. पाळी चालू असताना अशी तपासणी करायची या कल्पनेनेच अनेक जणी परत फिरतात, परंतु ती दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होते, आणि स्त्री डॉक्टर किंवा सोबत स्त्री कर्मचारी असावी अशी मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिसरी रीत म्हणजे पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एफएसएच (बीजांड वाढवायला सांगणारे पिट्युटरीचे संप्रेरक) आणि इस्ट्रॅडिओल (अंडाशयाचे संप्रेरक) एकत्र तपासणे. एफएसएच १० च्या वर असेल तर साठा घटल्याची शंका येते, पण हा आकडा महिन्यागणिक वरखाली होतो.

एएमएच १ ते १.२ नॅनोग्रॅमच्या खाली, किंवा एएफसी ५ ते ७ च्या खाली असेल तर साठा कमी मानला जातो. एककाकडे मात्र लक्ष द्यावे. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये, तर काही पिकोमोलमध्ये आकडा देतात, आणि पहिल्याला ७.१४ ने गुणले की दुसरा मिळतो. म्हणजे पिकोमोलमधील १० हे नॅनोग्रॅममध्ये फक्त १.४ असते. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असे ठरवण्यापूर्वी हे तपासावे. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर एएमएच खरे असते त्याहून कमी दिसते. ही तपासणी टीएसएचच्या कितीतरी पट महाग आहे, बहुधा हजार-दोन हजारांच्या घरात. म्हणून ती वारंवार करू नये, आणि तिच्याने पुढचा निर्णय बदलणार नसेल तर करूच नये.

आता ज्या वाक्याने घरे हादरतात त्याबद्दल. ‘अंडी कमी आहेत’ असे सांगितले की घरचे त्याचा अर्थ ‘मूल होणार नाही’ असा लावतात. तो चुकीचा आहे. एएमएच साठा किती ते सांगते. बीजांडाची प्रत सांगत नाही, आणि प्रत मुख्यतः वयावर ठरते. एका महिन्यात गर्भ राहायला एकच चांगले बीजांड लागते. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा मागोवा घेतला गेला, आणि कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. म्हणून २७ वर्षांच्या स्त्रीचे एएमएच ०.८ आणि ३९ वर्षांच्या स्त्रीचे एएमएच ०.८ यांत मोठे अंतर आहे: पहिलीची बीजांडे थोडी असली तरी सत्तावीस वर्षांची आहेत.

मग आकड्याचा उपयोग काय? तो वेळेचा हिशेब सांगतो. साठा कमी असेल तर ‘पुढच्या हंगामानंतर बघू’ म्हणू नये. आयव्हीएफ करायचे ठरले तर इंजेक्शनांनी किती बीजांडे मिळतील आणि मात्रा किती द्यावी याचा अंदाज डॉक्टरांना येतो. एएमएच फार जास्त, ४-५ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पीसीओएसची (अंडाशयात अनेक लहान पुटकुळ्या आणि अनियमित पाळी असलेल्या विकाराची) शक्यता पाहतात, आणि अशा स्त्रीला इंजेक्शने जपून द्यावी लागतात. साठा ‘वाढवणारी’ म्हणून महागडी भुकटी, काढे किंवा गोळ्या कोणी देत असेल तर त्यासाठी दागिना गहाण टाकू नये. नवी बीजांडे तयार करणारे सिद्ध झालेले औषध आज नाही.

चाळिशीच्या आत चार महिने किंवा अधिक काळ पाळी बंद असेल आणि एफएसएच २५ च्या वर असेल, तर मात्र अंडाशये अकाली थकल्याची ती खूण आहे. तेथे मोठ्या रुग्णालयातच जावे, कारण मुलाच्या प्रश्नासोबत हाडे आणि हृदय सांभाळण्यासाठीही उपचार लागतो.

सहावी पायरी: दोन्ही कागद एकत्र वाचणे

शरीर स्वतःच्या थायरॉईडवर हल्ला करते तेव्हा कधीकधी अंडाशयेही त्या तडाख्यात सापडतात. म्हणूनच अंडाशये अकाली थकलेल्या स्त्रीची थायरॉईड आणि तिची प्रतिद्रव्ये तपासतात. पीसीओएस असलेल्या स्त्रियांतही थायरॉईडची ही प्रतिद्रव्ये जास्त आढळतात. परंतु सर्वसाधारण वंध्यत्वात, टीएसएच थोडे वाढले म्हणून साठाही घटतो का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत: काहींत अँटी-टीपीओ असलेल्यांचे एएमएच कमी आढळले, काहींत फरकच दिसला नाही. म्हणून थायरॉईडची गोळी ‘अंडी वाढवण्यासाठी’ घेऊ नये. ती थायरॉईडसाठी घ्यावी. तिने पाळी आणि बीजांड बाहेर पडणे सुधारते.

व्यवहारात मी असे सुचवीन. टीएसएच खूप वाढलेले असताना केलेले एएमएच शेवटचे मानू नये. थायरॉईड ताळ्यावर आल्यावर गरज वाटल्यास एकदा पुन्हा पाहावे. स्त्रीचे वय तिशीच्या आत असेल, नलिका मोकळ्या असतील, वीर्यतपासणी ठीक असेल आणि केवळ थायरॉईडच बिघडली असेल, तर टीएसएच जागेवर आल्यावर काही महिने नैसर्गिक प्रयत्न करणे शहाणपणाचे आहे, मग एएमएच थोडे कमी असले तरी. वय ३५ च्या पुढे असेल तर थायरॉईड सुधारेपर्यंत बाकीच्या तपासण्या थांबवू नयेत. गोळी सुरू करावी आणि नलिकांचा एक्स-रे वगैरे सोबतच उरकावा. आयव्हीएफची इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी टीएसएच पुन्हा पाहावे, कारण त्या औषधांनी शरीरातील इस्ट्रोजेन वाढते आणि काठावर असलेली थायरॉईड आणखी मागे पडते.

सातवी पायरी: कोठे जावे

आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. तेथून चिठ्ठी घेऊन गेल्यास पुढे सोपे जाते. अमरावतीचे डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग, नागपूरचे डागा ही शासकीय स्त्री रुग्णालये आहेत. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर व गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरच्याच मिहानमधील एम्स या ठिकाणी स्त्रीरोग आणि औषधवैद्यक असे दोन्ही विभाग एकाच गावात मिळतात, त्यामुळे थायरॉईड आणि वंध्यत्व यांसाठी वेगवेगळ्या गावी जावे लागत नाही. आयव्हीएफचे केंद्र निवडताना ते २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली नोंदणीकृत आहे का हे विचारावे आणि नोंदणीचा दाखला पाहावा. या कायद्यानुसार स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा आहे.

जाताना सर्व रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावावेत, मूळ कागद कोणाला देऊन टाकू नयेत, आणि गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात. ‘माझे टीएसएच किती असायला हवे?’, ‘पुन्हा केव्हा तपासायचे?’ आणि ‘हे एएमएच माझ्या वयाला कसे आहे?’ हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

याच फेरीत दोघांचीही सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्यावी. आपल्या भागात, विशेषतः आदिवासीबहुल पट्ट्यात, हा आजार बराच आढळतो, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दिवस राहण्याआधी किमान महिनाभर फॉलिक ॲसिड सुरू असावे.

आठवी पायरी: दिवस राहिल्यावर

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने पाळी चुकताच घरी लघवीची तपासणी करावी, आणि ती होकारार्थी आली तर महिना संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते आणि औषधाची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की, तपासणी होकारार्थी आली तर आठवड्यात दोन गोळ्या जास्त घ्या आणि मग भेटायला या. तुमच्या डॉक्टरांनी असे सांगितले आहे का, हे आजच विचारून फाईलवर लिहून घ्यावे, कारण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पंधरा दिवस गावाबाहेर पडणे होत नाही. गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा टीएसएच तपासावे. ‘पोटात बाळ आहे, गोळ्या कमी घे’ असे घरातले मोठे माणूस मायेने सांगते, पण थायरॉईडची गोळी त्यात येत नाही; ती बंद केल्याने बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका होतो.

बाळंतपणानंतर मात्रा सहसा पूर्वीइतकी करतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहतात. ही गोळी घेत अंगावर पाजण्यास काहीच हरकत नाही. अँटी-टीपीओ असलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतरच्या वर्षात छातीत धडधड, अचानक वजन उतरणे किंवा टोकाचा थकवा जाणवला, तर तो ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढू नये. तेव्हाही टीएसएच तपासावे. आणि बाळ जन्मल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी होते का, हे प्रसूती होणाऱ्या रुग्णालयात आधीच विचारून ठेवावे. होत नसेल, तर सुट्टी घेण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून ती लिहून घ्यावी.